गुंतलो, हे आधी कबूल करू या

मालिकांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘मी बघत नाही, घरात लागलेली असते म्हणून कानावर पडतं.’ पुढच्या पाच मिनिटांत तोच माणूस कोणाचं लग्न मोडलं, कोणती सून घर सोडून गेली आणि गेल्या पंधरवड्यात कथानक कुठे भरकटलं, हे बारकाव्यांसह सांगतो. पुस्तकांचंही तसंच. रहस्यकथा प्रवासात हाताला लागली म्हणून वाचलेली असते, भयकथा कोणीतरी बळेच दिलेली असते, आणि रात्री दोन वाजता शेवटचं पान उलटलं हे सांगताना आवाज थोडा खाली येतो. आपल्याकडे या संकोचाला सुसंस्कृतपणाची खूण मानतात. मला तो नुकसानीचा वाटतो, आणि नुकसान त्या लेखनाचं जितकं होतं तितकंच वाचक-प्रेक्षकांचंही. आवडलेल्या गोष्टीला आवडली म्हणायची ज्याला लाज वाटते, तो तिच्यात काय बिघडलंय हेही जोरानं सांगू शकत नाही. ‘मी कुठे बघतो’ असं एकदा म्हटलं की ‘हे असं का लिहिलंत’ असं विचारायला तोंड उरत नाही.

या बाबतीत आपली भाषा आपल्याला पकडून देते. मनाला काही लागलं की त्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत: गोडी, ओढ, नाद, वेड, चटक, व्यसन. ज्ञानेश्वरीची गोडी लागते, गाण्याचा नाद लागतो, आणि मालिकेची मात्र चटक लागते. माणसाच्या आत घडणारी गोष्ट बरीचशी एकच असते. पुढे काय, हे कळेपर्यंत चैन पडत नाही. शब्द निवडताना आपण त्या अनुभवाचं वर्णन करत नाही, ज्या वस्तूमुळे तो आला तिची प्रतिष्ठा मोजतो. एकदा ‘चटक’ म्हटलं की विचार तिथेच थांबतो. ती का लागली, लिहिणाऱ्यानं नेमकं काय साधलं, हे विचारायची गरज उरत नाही.

पुढे काय होणार या ओढीवर गोष्ट उभी करणं ही टीव्हीनं आणलेली युक्ती नाही. वेताळपंचविशीची सगळी रचनाच तशी आहे. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी पेच टाकतो, विक्रमाला मौन मोडावं लागतं आणि वेताळ पुन्हा झाडावर. छापील मराठी कादंबरी तर या ओढीवरच वाढली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. अद्भुताचा आणि योगायोगांचा सुकाळ असलेल्या अशा कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला लांबलचक गद्य गोष्ट वाचायची सवय लावली. त्यानंतर हरि नारायण आपटे आले. १८९०मध्ये त्यांनी साप्ताहिक काढलं आणि त्याला नाव दिलं ‘करमणूक’. आज ज्या कादंबरीला आपण मराठीतली थोर सामाजिक कादंबरी म्हणतो, ती ‘पण लक्षात कोण घेतो?’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय होणार, याची वाट बघत त्या काळचा वाचक पुढच्या अंकासाठी थांबत होता. विधवेच्या केशवपनाचा प्रश्न घराघरांत शिरला तो भाषणांतून तर शिरलाच, पण या वाट बघण्यातूनही शिरला. हरिभाऊंना करमणूक या शब्दाची लाज वाटली नव्हती. आपल्याला ती केव्हापासून वाटू लागली, हा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी शोधण्याजोगा विषय आहे.

लाज फक्त आपलीच नाही, हेही मान्य करायला हवं. आर्थर कॉनन डॉयलला आपली ऐतिहासिक लेखनाची कामगिरी शेरलॉक होम्सपेक्षा मोलाची वाटत होती, म्हणून १८९३मध्ये त्यानं होम्सला धबधब्यात लोटून संपवलं. वाचकांनी इतका आग्रह धरला की काही वर्षांनी त्याला होम्सला परत आणावं लागलं. विसाव्या शतकातले मोठे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८मध्ये रहस्यकथांवर एक निबंध लिहिला. त्यात सुरुवातीलाच त्यांनी कबुली दिली की या कथांचं आपल्याला तंबाखू किंवा दारूसारखं व्यसन आहे आणि एकदा हातात घेतली की संपेपर्यंत काम होत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते ऑडन यांनी पुढे केलं ते. कबुली देऊन ते थांबले नाहीत. आपल्याला नेमकी कोणत्या प्रकारची रहस्यकथा धरून ठेवते, तिच्यात बंदिस्त गाव का लागतं, अपराध आणि निरपराधपणा यांचं नातं तिथे कसं मांडलेलं असतं, याचा त्यांनी कसून विचार केला. कबुली दिली म्हणूनच तो विचार करता आला. ‘माझ्या हाताला लागली म्हणून चाळली’ असं म्हणणाऱ्याला तो निबंध लिहिता आला नसता.

मराठीत असे निबंध फार थोडे आहेत, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावं एकेकाळी वाचता येणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती. गिरणगावातल्या चाळीपासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत ही पुस्तकं हातोहात फिरली, पानं सुटेपर्यंत वाचली गेली. एका माणसानं एका भाषेतल्या इतक्या लोकांना वाचनाची सवय लावली, आणि आज त्या हजारांतली मोजकीच पुस्तकं दुकानात मिळतात. स्वस्त कागदावर छापलेली, अभ्यासाच्या यादीत नसलेली, ‘जपून ठेवण्यासारखी नाहीत’ असं सगळ्यांनीच गृहीत धरलेली पुस्तकं रद्दीत जातात, तशी ही गेली. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. कॉलेजातल्या मुलांनी ती पाठ केल्यासारखी वाचली. पण तिच्यातल्या भाषेवर, तिच्यातल्या पुण्याच्या कट्ट्यावर आणि मैत्रीच्या चित्रणावर तोलामोलाची समीक्षा शोधू गेलं तर हाती फार लागत नाही. शिरवळकर २००३मध्ये गेले. तिच्यावरचा सिनेमा २०१३मध्ये आला आणि तुफान चालला, तेव्हा त्यांच्या नावाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

नारायण धारपांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. मराठीत भयकथेचा स्वतंत्र वाचकवर्ग घडवणारा हा लेखक. ‘समर्थ’ या त्यांच्या पात्राच्या कथा ज्यांनी पौगंडावस्थेत वाचल्या, त्यांना त्या आजही आठवतात. परदेशी कथांवरून त्यांनी काही घेतलं हे खरं. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे. पण जुना वाडा, पडीक विहीर, अंधारं माजघर आणि घरातल्याच माणसाचं बदललेलं रूप, ही भीती त्यांनी मराठी घरात आणून बसवली, आणि ते साधं काम नाही. ते २००८मध्ये गेले. दहा वर्षांनी ‘तुंबाड’ हा हिंदी सिनेमा आला. त्याची प्रेरणा धारपांच्या कथेत होती आणि शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं होतं. २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. देशभरच्या तरुणांना धारपांच्या कल्पनाशक्तीचा पत्ता एका हिंदी सिनेमानं दिला. मराठी वाचकाला तो पत्ता तोंडपाठ होता, फक्त चारचौघांत सांगायचा नव्हता.

लोकप्रिय पुस्तकांची बाजू घेणारे सहसा एक युक्तिवाद करतात: अर्नाळकर वाचणारा मुलगा उद्या पेंडसे वाचेल, परवा नेमाडे वाचेल, म्हणून अर्नाळकर चालतील. हा युक्तिवाद मला पटत नाही. काही वाचक असे पुढे जातात, बरेच जात नाहीत. आणि न जाणाऱ्याचं वाचन वाया गेलं असं म्हणायचा अधिकार कोणाला नाही. शिवाय या युक्तिवादात लोकप्रिय पुस्तक म्हणजे नुसती पायरी होते, पाय ठेवून पुढे जायची. मग ती पायरी घट्ट आहे की ठिसूळ, हे बघायची गरजच उरत नाही. रहस्यकथा चांगली असेल तर ती रहस्यकथा म्हणूनच चांगली असते. धागे नीट पेरलेले आहेत का, वाचकापासून लपवलेलं आणि वाचकासमोर ठेवलेलं यांचा हिशेब प्रामाणिक आहे का, शेवट आधीच्या पानांतून उगवतो की बाहेरून आणून चिकटवलेला आहे, हे तिचे स्वतःचे निकष आहेत. ते लावायला साहित्याचा डॉक्टर असावं लागत नाही, पण पुस्तक मन लावून वाचलेलं असावं लागतं.

याहून वजनदार आक्षेप वेळेचा आणि हेतूचा आहे. आयुष्य मर्यादित आहे, संध्याकाळ दोन-तीन तासांची आहे आणि ते दोन-तीन तास बळकावण्यासाठीच या मालिका बेतलेल्या असतात, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी सहज बाजूला सारणार नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे. नेटफ्लिक्सनं २०१३मध्ये ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’च्या पहिल्या पर्वाचे सगळे भाग एकाच दिवशी सोडले. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय आता सगळीकडे आहे. वाहिन्यांवरच्या मालिकांचं गणित वेगळं, पण तितकंच कठोर. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांवर पुढच्या आठवड्याचा ट्रॅक ठरतो. प्रोमोत दाखवलेला प्रसंग प्रत्यक्षात चार दिवसांनी येतो, महाएपिसोडच्या नावाखाली एक थप्पड तीन वेळा दाखवली जाते, प्रत्येक चेहऱ्याची प्रतिक्रिया ढगांच्या गडगडाटासह टिपली जाते. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तर बावीसेक मिनिटं उरतात आणि त्यांतही कथा इंचभर सरकते. ही वाट बघायला लावणं नाही, हे ताटकळत ठेवणं आहे.

पण हा आक्षेप नीट मांडायचा असेल तर याच दोन गोष्टींत फरक करावा लागतो, आणि तो फरक मालिकेत गुंतलेला माणूसच करू शकतो. एक ओढ प्रश्नातून येते. गोष्ट एखादा खरा पेच उभा करते आणि त्याचं उत्तर आपल्यालाही हवं असतं. दुसरी ओढ अडवणुकीतून येते. उत्तर तयार असतं, ते फक्त दिलं जात नाही. दूरदर्शनवरची ‘हम लोग’ जुलै १९८४मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९८५मध्ये संपली. दीडशेहून अधिक भाग झाले. मनोहर श्याम जोशी लिहीत होते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. घरोघर तिचं वेड होतं आणि तिला शेवटही होता. आपल्याकडची ‘चार दिवस सासूचे’ २००१मध्ये सुरू झाली ती २०१३पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. इतक्या वर्षांत पात्रांना माणूस म्हणून वाढायला किती जागा मिळाली आणि नुसतं चालू ठेवण्यासाठी किती प्रसंग घडवले गेले, याचा हिशेब ती नियमित पाहणाऱ्या बायकांकडे नक्की असणार. तो कोणी मागितला नाही, आणि कोणत्या वर्तमानपत्रात छापलाही नाही.

‘आई कुठे काय करते’चं उदाहरण मला यासाठी सर्वांत उपयोगी वाटतं. २०१९च्या अखेरीस स्टार प्रवाहवर सुरू झालेली ही मालिका २०२४च्या अखेरीस संपली. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, तिच्याच मुळावर हिंदीत ‘अनुपमा’. मराठीत पटकथा नमिता वर्तक यांची आणि संवाद मुग्धा गोडबोले यांचे. पंचवीस वर्षं संसार केलेल्या, ‘तू घरीच तर असतेस’ हे ऐकत आलेल्या बाईला नवऱ्याचं दुसरीकडे असलेलं नातं कळतं, आणि ती उभी राहायला लागते. सुरुवातीच्या काळात या मालिकेनं जी पकड घेतली ती अडवणुकीची नव्हती. घरकामाचं मोल, मुलांनी आईला गृहीत धरणं, सासरच्यांनी कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, हे प्रश्न मालिका संपल्यावर जेवणाच्या ताटावर बोलले जात होते. हरिभाऊंच्या यमूनं जे काम केलं त्याच जातीचं हे काम, दर्जाचा फरक मान्य करूनही. पुढे पाच वर्षं खेचताना त्याच मालिकेत संकटांवर संकटं रचली गेली आणि प्रश्नाची धार गेली, असं माझं मत आहे. म्हणजे एकाच मालिकेत दोन्ही प्रकारच्या ओढी होत्या. ‘सगळ्या मालिका भिकार’ म्हणणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, आणि ‘कानावर पडतं’ म्हणणारा दिसूनही सांगणार नाही.

तिसरा आक्षेप मूल्यांचा. विष कालवणाऱ्या सुना, कटकारस्थानात रमलेल्या सासवा, मंगळसूत्र तुटलं की आभाळ कोसळणं, नोकरी करणारी बाई बहुधा खलनायिका असणं. हे सगळं आहे आणि त्याचा मला राग येतो. पण ही तक्रार सर्वांत ठोसपणे कोणी केली, हे बघा. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६मध्ये सुरू झाली तेव्हा कोकणातूनच विरोध उमटला, की ही मालिका अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाची बदनामी करते. विरोध करणाऱ्यांना त्या मालिकेत आपलं अंगण, आपली बोली, आपली नावं दिसत होती. त्याच मालिकेमुळे मालवणी बोली विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत रोज ऐकू आली, हेही तितकंच खरं. ‘तुझ्यात जीव रंगला’नं कोल्हापूरची आणि ‘लागिरं झालं जी’नं साताऱ्याची बोली संध्याकाळच्या मुख्य वेळेत आणली. पुण्या-मुंबईच्या प्रमाण भाषेचा पडद्यावरचा मक्ता काही प्रमाणात मोडला. ती बोली खरी होती की सजवलेली, कोणत्या गावची होती, कुठे चुकत होती, ही चर्चा भाषेच्या अभ्यासकांनी करायला हवी होती. बहुतेकांनी ती मालिकेच्या पातळीवर उतरणं नको म्हणून टाळली.

शिवाय मूल्यांच्या या चिंतेत एक पक्षपात आहे, तो मी नजरेआड करू शकत नाही. आयपीएलचा सामना साडेतीन तास चालतो, दोन महिने रोज चालतो, त्यात जाहिराती असतात, ताणून धरलेलं नाट्य असतं. तो बघणाऱ्या पुरुषाला कोणी व्यसनी म्हणत नाही आणि तोही ‘घरात लागलेला असतो’ असं म्हणत नाही. परदेशी गुन्हेगारी मालिका रात्रभर बघितली तर दुसऱ्या दिवशी कचेरीत ती इतरांना सुचवली जाते. दिवसभर राबून साडेसातला अर्धा तास टीव्हीसमोर बसणाऱ्या बाईला मात्र आपल्या आवडीची माफी मागावी लागते. हा न्याय लेखनाच्या दर्जावरून ठरलेला नाही. कोण बघतंय आणि कोणत्या भाषेत बघतंय, यावरून ठरलेला आहे. मराठी, घरगुती आणि बायकांचं असलं की ते आपोआप कमी दर्जाचं धरलं जातं, आणि बायकांनीही हे इतकं मनावर घेतलंय की माफी न मागता ‘मला आवडते’ म्हणणारी विरळा.

दर्जाची मागणी ही आवडीच्या कबुलीतूनच निघते. नाटकाच्या बाबतीत महाराष्ट्रानं हे करून दाखवलं आहे. आपण नाटक बघतो हे मराठी माणूस अभिमानानं सांगतो, म्हणून वर्तमानपत्रांत नाटकाची परीक्षणं येतात, नाटककाराचं नाव लोकांना ठाऊक असतं, प्रयोग सैल पडला तर प्रेक्षक बोलून दाखवतो. मालिका त्याहून किती तरी अधिक लोक बघतात. पण वर्तमानपत्रांत त्यांची बातमी येते ती कलाकारांच्या लग्नाची नाही तर टीआरपीच्या चढउताराची. मालिका कोण लिहितं, हे रोज बघणाऱ्यांनाही माहीत नसतं. आठवड्याला सहा-सात भाग पुरवणाऱ्या लेखकाला त्याच्या कामाविषयी मिळणारा अभिप्राय म्हणजे गुरुवारचा आकडा. त्या आकड्यात एखादा प्रसंग किती जणांनी पाहिला ते कळतं, तो पाहताना ते हळहळले की कंटाळून मोबाइलकडे वळले, हे कळत नाही. ते प्रेक्षकानंच सांगायचं असतं, आणि समीक्षकानं शब्दांत मांडायचं असतं.

म्हणून सगळ्या मराठी वर्तमानपत्रांच्या संपादकांना विनंती आहे की नाटकाला देता तशी मालिकांनाही परीक्षणाची जागा द्या, आणि ते परीक्षण मालिका सलग बघणाऱ्याकडून लिहून घ्या. विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी अर्नाळकर, धारप, शिरवळकर अभ्यासाला घ्यावेत. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा गावच्या घरी फडताळात झुंजारची, समर्थांची, शिरवळकरांची जुनी पुस्तकं पडलेली असतील, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला एकदा फोन करावा. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल.